‘हँडल लॉक आहे की!’ एवढ्यावर भागतं?

नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात आपण काय काय घेतो? सीट कव्हर, क्रॅश गार्ड, मोबाइल होल्डर, फूटमॅट. मागच्या मडगार्डवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’. पुढे लिंबू-मिरची. आणि कुलूप? त्याचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘अरे, हँडल लॉक आहे की!’

कॉलेजच्या पोरापोरींमध्ये ‘गाडी’ म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगायला नको. क्लास, लेक्चर, पार्टटाइम जॉब, रात्रीचा चहा, पावसाळ्यातला सिंहगड, सगळं तिच्यावरच. घरातल्या महागड्या वस्तूंपैकी ही एकच वस्तू आपण रोज रस्त्यावर सोडून तासन् तास गायब होतो. लॅपटॉप असा कट्ट्यावर ठेवून जाल का? बरं, ती वस्तू बहुतेक वेळा हप्त्यावर घेतलेली असते. म्हणजे गाडी गेली तरी हप्ता जात नाही. तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बाबांच्या खात्यातून कापला जातोच.

म्हणून हा लेख. गाडी वाचवायची तर नेमकं काय घ्यायचं, कशावर पैसे वाया घालवायचे नाहीत आणि ज्या गोष्टी फुकट आहेत त्या आधी का करायच्या, ते बघू.

हँडल लॉक नेमकं काय करतं?

हँडल एका बाजूला वळवून किल्ली फिरवली की आतली एक पिन खाचेत जाऊन बसते आणि हँडल सरळ होत नाही. बस, एवढंच. ही पिन काही तिजोरीची कडी नव्हे. दणकट माणसाने जोर लावला तर ती तुटू शकते. शिवाय इग्निशनचा स्विच आणि हँडल लॉक एकाच किल्लीवर चालतात. गाडी जुनी झाली की किल्ली आणि लॉक दोन्ही झिजतात, मग भलतीच किल्लीही लागून जाते. पार्किंगमध्ये आपल्यासारख्याच दुसऱ्याच्या गाडीला चुकून किल्ली लावली आणि ती फिरली, असा अनुभव तुमच्या ग्रुपमध्ये एकाला तरी आलेला असेल. तेव्हा आपण हसतो. चोराचं मात्र पोट त्यावर चालतं.

नव्या स्कूटरमध्ये किल्लीच्या भोकावर मॅग्नेटिक शटर असतं. त्याने भोकात काही खुपसणं अवघड होतं, म्हणून उतरताना ते बंद करण्याची सवय चांगलीच. पण हँडल मोडणाऱ्याला किंवा गाडी उचलून नेणाऱ्याला शटर अडवत नाही.

इथे एक गोष्ट मान्य करून टाकू. न तुटणारं कुलूप जगात नाही. कुलूप तुम्हाला तीन गोष्टी मिळवून देतं: वेळ, आवाज आणि लोकांचं लक्ष. चोराला या तिन्ही गोष्टी नको असतात. शेजारी दहा गाड्या नुसत्या हँडल लॉकवर उभ्या असताना तो तुमच्या गाडीची चेन कापत बसणार नाही. त्यामुळे कुठलीही वस्तू घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: याने चोराचा वेळ वाढतो का, आणि ते कुणाच्या लक्षात येतं का?

चोर कोणता, त्यावर कुलूप

वाहनचोरीच्या बातम्या नीट वाचल्यात तर ढोबळमानाने तीन प्रकारचे चोर दिसतात.

पहिला मौजमजेसाठी चोरणारा. फिरायला गाडी हवी म्हणून उचलतो आणि पेट्रोल संपलं की सोडून देतो. याच्याकडे हत्यारं नसतात, तयारी नसते. किल्ली विसरलेली किंवा लॉक न केलेली गाडी त्याला हवी असते. साधं जादा कुलूपही याला पुरतं.

दुसरा विकण्यासाठी चोरणारा. हा सराईत असतो. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेतो, नंबरप्लेट बदलतो, चेसिस नंबर खोडतो आणि ‘कागदपत्रं नंतर देतो’ म्हणत स्वस्तात विकतो. याला गर्दीत मिसळून निघून जायचं असतं, त्यामुळे वेळ आणि आवाज याला सर्वात जास्त नडतात.

तिसरा सुट्या भागांसाठी चोरणारा. याला गाडी चालू करायचीही गरज नसते. ढकलत नेली, टेम्पोत टाकली, विषय संपला. याच्यापुढे इंजिन बंद ठेवणारी यंत्रणा कामाची नाही. गाडी जागेवरून हलणारच नाही अशी सोय लागते.

तुमची गाडी रात्री कुठे उभी असते, यावरून तुमचा धोका ठरतो. सोसायटीच्या गेटच्या आत, वॉचमनच्या नजरेसमोर असेल तर एक कुलूप पुरेल. पण पीजीच्या बाहेर बोळात, रेल्वे स्टेशनजवळ, किंवा गावी जाताना चार दिवस एकाच जागी उभी राहणार असेल तर एकावर भागणार नाही.

मग घ्यायचं काय?

डिस्क लॉक. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर हे लहानसं कुलूप डिस्कच्या भोकात अडकवायचं. काही शे रुपयांपासून मिळतं, खिशात मावतं, चाक फिरू देत नाही. अलार्मवालं घेतलंत तर गाडी हलवताच बोंबलतं. भडक रंगाचं घ्या, म्हणजे लांबून दिसेल. एक धोका मात्र तुमच्याच विसराळूपणाचा. लॉक न काढता गाडी पुढे घेतलीत तर चाक अडकून तुम्ही पडणार, डिस्कही वाकणार. म्हणून लॉकपासून हँडलपर्यंत ताणलेली रंगीत केबल मिळते, ती नक्की लावा. आणि तुमच्या स्कूटरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक असतील तर डिस्क लॉकच्या नादी लागू नका, ते बसणारच नाही.

चेन आणि कुलूप. ड्रम ब्रेकवाल्यांसाठी आणि टेम्पोवाल्या चोरासाठी हाच उपाय. पण चेन नुसती चाकातून ओवली तर अर्धंच काम झालं. ती खांबाला, ग्रिलला किंवा जमिनीत पक्क्या केलेल्या कडीला अडकवा. तशी जागा नसेल तर मित्राच्या गाडीला बांधा. दोन गाड्या एकत्र उचलणं सोपं नाही. कडक केलेल्या स्टीलची जाड चेन घ्या. सायकलला लावतात ती बारीक केबल साध्या कटरने कापली जाते. चेन जमिनीवर पडू देऊ नका, कारण टेकलेल्या चेनवर घाव घालणं सोपं जातं.

चोर स्विच. गॅरेजवाल्याला हाच शब्द सांगा, लगेच कळेल. सीटखाली किंवा पॅनेलमागे एक लपवलेलं बटण बसवतात. ते बंद असेल तर किल्ली फिरवूनही गाडी चालू होत नाही. स्वस्त आणि मस्त. विकण्यासाठी चोरणाऱ्याला ‘गाडी बंद पडलेली दिसते’ असं वाटून तो सोडून जाण्याची शक्यता असते. पण यासाठी वायरिंगला हात लावावा लागतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि बटण कुठे आहे ते इन्स्टाच्या स्टोरीवर टाकू नका, प्लीज.

जीपीएस ट्रॅकर. इथे एक गल्लत नेहमी होते. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरीनंतर गाडी शोधायला मदत करतो. आतल्या सिमकार्डवरून तो गाडीचं ठिकाण कळवतो. त्यामुळे सिमचं रिचार्ज संपलं, गाडी तळघरात गेली किंवा चोराने वायर तोडली, की तो मुका होतो. घ्यायचाच असेल तर स्वतःची छोटी बॅटरी असलेला घ्या आणि चटकन सापडणार नाही अशा जागी बसवा. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये गाडी ओढली गेल्यास मोबाइलवर इशारा देण्याची सोय कंपनीकडूनच असते. ती सुरू आहे का, हे ॲपमध्ये एकदा तपासा.

ब्लूटूथ टॅग. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला, तेव्हापासून अनेक जण असे टॅग गाडीत लपवू लागले. हे टॅग आसपासच्या फोनच्या मदतीने ठिकाण कळवतात. स्वस्त आहेत, पण एक मेख आहे. कुणी कुणाचा चोरून पाठलाग करू नये म्हणून अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय असा इशारा फोन देतात. म्हणजे तो इशारा चोरालाही मिळू शकतो. जोडीला असेल तर ठीक, एकट्या त्याच्यावर भिस्त नको. आणि टॅगने जागा दाखवली तरी एकट्याने तिकडे धावू नका. ती माहिती पोलिसांना द्या.

एका यूएसबी वायरची गोष्ट

महागडी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, असं वाटत असेल तर अमेरिकेत काय झालं ते ऐका. २०२१-२२ च्या सुमारास तिथे टिकटॉकवर काही व्हिडिओ व्हायरल झाले. किया आणि ह्युंदाईच्या काही गाड्या यूएसबी वायरच्या टोकाने कशा चालू करायच्या, हे त्यात दाखवलं होतं. कारण साधं होतं. अमेरिकेत विकलेल्या या मॉडेल्समध्ये इमोबिलायझर बसवलेला नव्हता.

इमोबिलायझर म्हणजे काय? किल्लीच्या डोक्यात एक छोटी चिप असते. किल्ली लावली की गाडी त्या चिपचा कोड तपासते. कोड जुळला नाही तर किल्ली फिरली तरी इंजिन चालू होत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना तो बंधनकारक आहे. अमेरिकेत तसा नियम नव्हता. व्हिडिओ बघून शाळा-कॉलेजच्या वयाच्या पोरांनी गाड्या पळवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने सांगितलं, की या प्रकारात किमान १४ अपघात आणि ८ मृत्यूंची नोंद झाली आहे. दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं.

गंमत पुढे आहे. अपडेटच्या जोडीला कंपन्यांनी पोलिसांमार्फत हजारो स्टीअरिंग लॉक वाटले. तेच, स्टीअरिंगवर आडवं बसणारं लोखंडी दांडकं! चिप नाही, ॲप नाही. पण काचेतून लांबूनच दिसतं आणि काढायला वेळ लागतो. म्हणजे पुन्हा तेच, वेळ आणि लक्ष.

घरची चारचाकी तुम्ही चालवत असाल तर यातून घ्यायचा धडा सरळ आहे. गाडीत इमोबिलायझर आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. जुन्या गाडीत नसेल तर स्टीअरिंग लॉक किंवा गिअर लॉक घ्या. गाडी बटणावर चालू होणारी असेल तर आणखी एक काळजी. चोर घरातल्या किल्लीचा सिग्नल यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोचवू शकतात, आणि गाडीला वाटतं मालक जवळच उभा आहे. त्यामुळे रात्री किल्ली दाराशेजारच्या खुंटीला टांगू नका. सिग्नल अडवणारे खास पाऊच मिळतात. किल्ली पाऊचमध्ये ठेवून गाडीजवळ जा. दार उघडलं तर पाऊच बोगस आहे.

फुकटातल्या गोष्टी आधी

‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून किल्ली गाडीलाच ठेवणं, डिकी उघडून किल्ली तिथेच विसरणं, दुसरी किल्ली डिकीत टाकून ठेवणं हे प्रकार थांबवायला एक रुपया लागत नाही. आरसी बुकाची मूळ प्रतही डिकीत नको. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला हा प्रकार. ट्रॅफिक पोलिसांना दाखवायला डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधली आरसी चालते.

गाडी उजेडात, वर्दळीत, कॅमेऱ्यासमोर लावा. रोज त्याच निर्जन कोपऱ्यात त्याच वेळी लावू नका. गाडीचे चारी बाजूंनी फोटो, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा.

नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसूनच येते. तिच्यावर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती पुन्हा न वापरता येणाऱ्या लॉकने बसवतात. जुन्या गाडीला बसवली नसेल तर ते काम दंडाच्या भीतीने नाही, स्वतःसाठी करा. अशी प्लेट काढून दुसरी लावणं चोराला जड जातं.

‘पाच वर्षांचा विमा आहे ना!’

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण सगळ्यात जास्त जण इथे फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा विमा घ्यावाच लागतो. त्यामुळे घरोघरी समज पसरला, की पाच वर्षं बघायला नको. पण तो पाच वर्षांचा विमा ‘थर्ड पार्टी’ असतो. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई त्यातून होते. तुमची गाडी चोरीला गेली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

चोरीची भरपाई मिळते ती ‘ओन डॅमेज’ भागातून. हा भाग अनेकदा पहिल्या एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो वेगळा घ्यावा लागतो, आणि शोरूमचा फोन आपण उचलत नाही. एफवायला घेतलेली गाडी टीवायला चोरीला गेली, तर बऱ्याच घरांमध्ये हातात उरतात ते फक्त हप्ते.

विमा असेल तरी गाडीची पूर्ण किंमत मिळत नाही. पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ नावाचा आकडा असतो, म्हणजे विम्यापुरती धरलेली गाडीची किंमत. ठरलेल्या घसारा तक्त्यानुसार दोन ते तीन वर्षं जुन्या गाडीची किंमत ३० टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे ९० हजारांची गाडी असेल तर ६३ हजार. गाडी कर्जावर असेल तर त्यातून आधी बँक किंवा फायनान्स कंपनीचं देणं वळतं होतं. प्रीमियम वाचवायला आयडीव्ही मुद्दाम खाली आणू नका. नव्या गाडीसाठी ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जादा संरक्षण मिळतं, त्यात खरेदीच्या किमतीच्या जवळपास रक्कम मिळते. आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थेने मान्यता दिलेली चोरीविरोधी यंत्रणा बसवली असेल तर सवलत मिळते का, हे विमा कंपनीला विचारा.

गेलीच तर?

आधी खात्री करा, की ती टोइंग करून नेलेली नाही. मग वेळ घालवू नका. ११२ वर फोन करा आणि पोलीस ठाणं गाठा. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. नव्या कायद्यानुसार झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ (२) चोरीसाठी आहे, म्हणजे जुनं ३७९. नुसता ‘तक्रार अर्ज’ देऊन समाधान मानू नका, एफआयआरची प्रत मागा. ती मोफत मिळते.

घाई का? चोरीच्या गाड्या सोनसाखळी चोरीसारख्या गुन्ह्यांत वापरल्या जातात. तुमच्या नंबरच्या गाडीने सकाळी काही केलं आणि तुमची तक्रार संध्याकाळची असेल, तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पोलिसांत लगेच तक्रार दिलेली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. पण ती वेळ कशाला आणायची? आरटीओलाही लेखी कळवून ठेवा. गाडी सापडलीच नाही तर पोलिसांचा ‘अ समरी’ अहवाल लागतो. आणि विमा कंपनी हमखास मागते त्या दोन किल्ल्या. एकच दाखवलीत तर दुसरी कुठे आहे, याचं उत्तर द्यावं लागतं. किल्ली गाडीलाच राहिली होती असं निघालं, तर निष्काळजीपणाचा मुद्दा काढून दावा अडवला किंवा कापला जाऊ शकतो.

स्वस्तातली गाडी घेताना

चोरी चालते कारण चोरीची गाडी घेणारे असतात. होस्टेलवर कुणी ‘कागद नंतर, आधी टोकन दे’ म्हणत निम्म्या किमतीत गाडी देत असेल तर थांबा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर जुळवा. एमपरिवहनवर मालकाची नोंद बघा. एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’ सेवेत गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, ते तपासता येतं. चोरीचा माल ठाऊक असून घेणं हाही गुन्हा आहे, आणि गाडी जप्त झाली की दिलेले पैसे परत मिळवणं महाकठीण.

सगळं एका दिवसात होणार नाही, मान्य. पण आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. गाडीची दुसरी किल्ली शोधून कपाटात ठेवा. आणि पॉलिसी उघडून ‘ओन डॅमेज’च्या पुढे कुठली तारीख लिहिली आहे ते वाचा. ती उलटून गेलेली असेल तर डिस्क लॉकच्या आधी ते काम करा. विमा संपलेल्या गाडीची कंपनी आधी तपासणी करते, त्यामुळे गाडी धुऊन ठेवा आणि फोन उचला.